जुन्या टर्बो गाडीचा ऑईल फिल्टर : निवड कशी करावी?

बारामती एमआयडीसीच्या परिसरात आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांकडे ज्या गाड्या आहेत, त्यांत शोरूममधून कालपरवा आलेल्या गाड्या थोड्याच. कोणाकडे २०१० च्या आगेमागे घेतलेली स्विफ्ट डिझेल आहे, कोणाकडे इंडिका व्हिस्टा, कोणाकडे स्कॉर्पिओ. ज्यांचे कुटुंब मोठे किंवा मालाची गाठोडी जास्त, त्यांच्याकडे इनोव्हा. काही गाड्या तर नोंदणीची पंधरा वर्षे पुरी करून, आर.टी.ओ.कडून नूतनीकरण करून पुन्हा एमएच-४२ ची पाटी मिरवीत आहेत. या सर्व डिझेल गाड्यांत एक गोष्ट समान आहे. त्यांच्या इंजिनाला टर्बो आहे, आणि त्या टर्बोचे आयुष्य बऱ्याच अंशी एका स्वस्त वस्तूवर टिकून आहे. ती वस्तू म्हणजे ऑईल फिल्टर.

आम्ही कापडाचे व्यापारी. यंत्रविद्या आमचा पेशा नाही. परंतु इचलकरंजी, भिवंडी, सोलापूर असा माल आणण्याचा प्रवास ज्याला सतत करावा लागतो, त्याला गाडीची थोडी विद्या आपोआप घ्यावी लागते. शिवाय फिल्टर ही शेवटी गाळणीच आहे. घरात आम्ही तिला छन्नी म्हणतो, मिस्त्री तिला फिल्टर म्हणतो. आणि गाळण्याचे काम कापडवाल्याला समजावून सांगावे लागत नाही.

प्रथम टर्बो म्हणजे काय ते पाहू. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एका लहान पंख्यावर सोडलेला असतो. तो पंखा फिरला की त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचा पंखा हवा दाबून इंजिनात भरतो. जास्त हवा म्हणजे जास्त ताकद. लहान गाडीच्या टर्बोचा हा दांडा जोरात असताना मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो. धुराच्या बाजूला उष्णता सात-आठशे अंशांपर्यंत जाते. या जुन्या गाड्यांत हा दांडा बहुधा बॉल बेअरिंगवर नसतो. तो साध्या बुशमध्ये, तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. त्या थराची जाडी मिलिमीटरच्या काही शंभराव्या भागाइतकी. हे तेल वेगळे नसते, इंजिनाचेच असते, आणि ते त्याच ऑईल फिल्टरमधून गाळून आलेले असते.

टर्बो नसलेल्या जुन्या डिझेल गाडीत तेल थोडे मळले तर इंजिन कुरकुर करीत वर्षानुवर्षे चालत असे. टर्बो कुरकुर करीत नाही. त्याच्या बुशमध्ये कठीण कण शिरला की तो धातूवर चरा ओढतो, दांडा किंचित डळमळतो, पंख्याची पाती घराला घासू लागतात आणि तेल गळून धुरात व हवेच्या नळीत उतरते. मागून निळा धूर, पुढून शिट्टीसारखा आवाज आणि चढावर गाडीचा दम तुटणे, ही त्याची लक्षणे. (निळा धूर रिंगा झिजल्यानेही येतो, म्हणून केवळ धुरावरून टर्बो काढावयास सांगणाऱ्या मिस्त्रीचे लगेच ऐकू नये.) फिल्टरची किंमत शेकड्यांत, टर्बोची हजारांत. आणि लग्नसराईच्या तोंडावर गाडी आठ दिवस गॅरेजात उभी राहिली तर तो खर्च वेगळाच. तो कोणत्याही बिलात लिहिला जात नाही.

आपल्या जिल्ह्याचे इंजिन

उदाहरण घेऊ ते आपल्याच पुणे जिल्ह्यातले. फियाट कंपनीचे १.३ लिटरचे मल्टिजेट डिझेल इंजिन युरोपात २००३ साली आले. भारतात २००७ पासून ते मारुती स्विफ्टमध्ये बसू लागले, पुढे टाटांच्या व्हिस्टा आणि मांझा गाड्यांत ‘क्वाड्राजेट’ या नावाने आले. मारुतीसाठी ते हरियाणात मानेसरला तयार होई. फियाट आणि टाटांसाठी आपल्या शिरूर तालुक्यात, रांजणगाव एमआयडीसीत. इतक्या निरनिराळ्या गाड्यांत ते बसले की लोक त्याला देशाचे इंजिन म्हणू लागले. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम लागू झाले आणि त्याच सुमारास त्याचा काळ संपला. म्हणजे आज रस्त्यावर हे इंजिन असलेली जी गाडी दिसते, ती जुनीच आहे.

हे इंजिन १२४८ सीसीचे, अंगाने लहान आणि तेलाच्या बाबतीत नाजूक. त्यातील तेलाचे मार्ग अरुंद आहेत. त्याची टायमिंग चेन ताणून धरण्याचे काम तेलाच्या दाबाने होते. व्हॉल्व्हची फट राखण्याचे कामही तेलच करते. म्हणजे तेल आणि फिल्टर यांकडे दुर्लक्ष झाले तर टर्बोबरोबर चेनही खडखडू लागते. ज्यांनी वेळच्या वेळी तेल बदलले त्यांची ही इंजिने दोन-दोन लाख किलोमीटर चालली, आणि ज्यांनी ‘अजून काळे कुठे झाले’ म्हणत दिवस काढले त्यांना चेनचा खर्च आला, असे गॅरेजवाले सांगतात आणि ते पटण्यासारखे आहे.

स्विफ्ट डिझेलमध्ये फिल्टर पत्र्याच्या डब्यात बंद नसतो. इंजिनावर झाकणाचे एक घर असते आणि त्यात उघडा कागदी नग बसतो. मिस्त्री त्याला एलिमेंट म्हणतात. बऱ्याच जुन्या गाड्यांत मात्र पत्र्याचा डबा फिरवून बसवावा लागतो. दोहोंचे गुणदोष वेगळे आहेत. तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी आपल्या गाडीत कोणता आहे हे माहीत असावे. एकाच नावाच्या इंजिनात साल बदलले की फिल्टरचे घरही बदललेले आढळते, म्हणून ‘स्विफ्टचा द्या’ एवढे सांगणे पुरेसे नाही. साल आणि चेसिस नंबर सांगावा, आणि जुन्या फिल्टरवरचा पार्ट नंबर लिहून न्यावा. कापडाच्या दुकानात ‘पांढरे कापड द्या’ म्हणणाऱ्या गिऱ्हाईकाला आपण काय समजतो?

मलमल आणि नमदा

आता मुख्य गोष्ट. पुष्कळांची समजूत अशी की जाळी जितकी बारीक तितका फिल्टर चांगला. कापडवाल्याने तरी असे मानू नये. मलमलीतून ताक गाळले की गाळ कापडाच्या वरच्या अंगाला बसतो आणि थोड्याच वेळात मलमल बंद पडते. लोकरीचा नमदा वेगळ्या रीतीने काम करतो. त्यात ताणा-बाणा नसतो, तंतू आडवेतिडवे गुंतलेले असतात. कण आत शिरतो, वळणावर अडकतो आणि नमदा बराच काळ वाहता राहतो. ऑईल फिल्टरचा कागद हा जातीने नमदाच आहे. आपल्या भिगवणच्या कारखान्याचा छपाईचा कागद आणि हा कागद यांत जमीन-अस्मानाचा फरक. हा जाड, सच्छिद्र, तेल-पाण्याने विरघळू नये म्हणून राळेत मुरवलेला असतो आणि साडीच्या निऱ्यांसारख्या घड्या घालून बसवलेला असतो, जेणेकरून लहान जागेत जास्त क्षेत्रफळ मिळावे. महाग फिल्टरमध्ये कागदाच्या तंतूंबरोबर कृत्रिम किंवा काचेचे तंतू मिसळलेले असतात. ते एकसारखे बारीक असल्याने कण अधिक पकडतात आणि तरी वाट कमी अडवतात. ज्यांना परवडते त्यांनी हा प्रकार जरूर घ्यावा, पण आपल्या गाडीच्या नंबराचा मिळत असेल तरच.

डब्यावर ‘२० मायक्रॉन’ असे छापलेले असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. एवढ्यावर भुलू नये. वीस मायक्रॉनचे कण शंभरापैकी किती पकडले, हा खरा प्रश्न आहे. पन्नास पकडले तरी छापणारा ‘२० मायक्रॉन’ छापू शकतो आणि नव्याण्णव पकडले तरी तेच छापतो. जसे ठाणावर ‘कॉटन’ एवढाच शिक्का असावा आणि काउंट, रीड, पिक यांचा पत्ता नसावा. यासाठी आय.एस.ओ. ४५४८-१२ नावाची चाचणी आहे आणि तिच्यावरून जो आकडा निघतो त्याला बीटा म्हणतात. गाळणीच्या अलीकडे दोन कण आणि पलीकडे एक, तर बीटा दोन. अलीकडे पंच्याहत्तर आणि पलीकडे एकच, तर बीटा पंच्याहत्तर. नामांकित कंपन्यांच्या कॅटलॉगात हा आकडा किंवा शेकडा प्रमाण सापडते. जो विक्रेता नुसते मायक्रॉन सांगतो आणि पुढे गप्प बसतो, त्याच्याकडे दुसरा प्रश्न विचारावा.

डिझेल गाडीविषयी एक गोष्ट लक्षात घ्या. नवीन तेल टाकून आठ दिवसांत काळे होते, म्हणून फिल्टर नकली निघाला असे काही बांधव समजतात. तसे नाही. ती काजळी आहे. तिचे कण बहुतेक एका मायक्रॉनपेक्षाही लहान असतात आणि बाजारातला कोणताही साधा फिल्टर त्यांना अडवीत नाही. तेलातील औषधे त्या काजळीला एकमेकांना चिकटू देत नाहीत, तरंगत ठेवतात. ती औषधे संपली की काजळीचे गोळे होऊन तेलाचा चिखल बनतो आणि मग तो फिल्टरही बंद करतो. काजळी बाहेर काढण्याचा एकच मार्ग : तेल ओतून टाकणे. म्हणून ‘फिल्टर महागाचा टाकला, आता तेल दुप्पट चालवू’ हा हिशेब डिझेल टर्बोत चुकतो.

दोन लहान झडपा

फिल्टर विकत घेताना आपण कागद पाहतो आणि झडपा विसरतो. जुन्या टर्बोसाठी तर आमच्या मते झडपा कागदाइतक्याच महत्त्वाच्या.

पहिली झडप रबराची. डबा आडवा किंवा उलटा बसवलेला असेल तर गाडी बंद झाल्यावर त्यातले तेल चेंबरमध्ये परत जाऊ पाहते. ही झडप ते अडवते. ती कडक झाली किंवा मुळातच हलकी असली तर सकाळी डबा रिकामा असतो. किल्ली फिरवल्यावर तो भरेपर्यंत दोन-तीन सेकंद इंजिन खडखडते आणि तेलाचा दिवा विझायला उशीर लागतो. टर्बो तेलाच्या वाटेच्या जवळजवळ शेवटी असतो, त्याला तेल सर्वांच्या नंतर पोचते. रोज सकाळचे हे दोन-तीन सेकंद वर्षभरात किती होतात ते आपणच मोजा. स्वस्त मालात ही झडप साध्या काळ्या रबराची असते आणि उष्णतेने लवकर कडक होते. चांगल्या मालात सिलिकॉनची असते, बहुधा नारिंगी रंगाची. मात्र रंग कोणीही देऊ शकतो. बाहेरच्या भोकांतून बोथट काडीने हलके दाबून पाहावे : झडप मऊ असावी, लगेच जागेवर यावी, कोठे फट राहू नये. ज्या गाडीत डबा तोंड वर करून सरळ उभा बसतो, तिच्यात या झडपेचे काम थोडे.

दुसरी झडप बायपासची. फिल्टर तुंबला किंवा थंडीत तेल घट्ट झाले तर ही झडप उघडते आणि तेल न गाळता पुढे सोडते. इंजिन कोरडे राहण्यापेक्षा मळके तेल बरे, हा तिच्यामागचा विचार. ती किती दाबाला उघडावी हे प्रत्येक इंजिन बनवणारा ठरवतो आणि तो आकडा इंजिनागणिक वेगळा असतो. आता दुसऱ्या गाडीचा डबा आपल्या गाडीला बसला, आटे जुळले, तेल गळत नाही. मिस्त्री म्हणतो चालेल. पण त्याची झडप फार लवकर उघडणारी असेल तर मळके तेल सारखे टर्बोकडे जाईल, आणि फार उशिरा उघडणारी असेल तर दाबाने आतला कागद चेमटेल. हे बाहेरून दिसत नाही. ट्रॅक्टरचा किंवा मोठ्या गाडीचा उंच डबा ‘जास्त तेल मावते’ म्हणून बसवणारे उस्ताद आपल्या भागात आहेत. त्यांच्या हाताच्या हुनराबद्दल आदर राखून आम्ही सांगतो की, आटा बसणे ही निवडीची फक्त पहिली पायरी आहे.

एलिमेंट प्रकारात या झडपा बहुधा इंजिनावरच्या घरात असतात, त्यामुळे तेथे कागदाची उंची, दोन्ही तोंडांची टोपणे आणि झाकणाचे ओरिंग यांवर सारे अवलंबून. उंची जराशी कमी असली तरी तेल बाजूने न गाळता निसटते. नवीन एलिमेंटबरोबर नवीन ओरिंग मिळाले नाही तर तो नग घेऊ नये.

दुकानाच्या काउंटरवर मुलगा विचारतो, “चाचा, ओरिजिनल देऊ की चालणारा?” हा प्रश्न ऐकला की समजावे, आपल्याला इथेच जपायचे आहे. गाडीच्या कंपनीचा माल, किंवा फिल्टर बनवणाऱ्या नामांकित कंपनीचा त्याच पार्ट नंबराला जुळणारा माल, यांत आम्ही फार भेद करीत नाही. गाडीची कंपनी स्वतः फिल्टर क्वचितच बनवते, ती अशांकडूनच घेते. भीती आहे ती खोट्या छापाची. खोका हुबेहूब असतो, आतल्या घड्या मात्र कमी आणि वाकड्या, डिंक ओघळलेला, छपाई पुसट, बॅच नंबर नाही. असा माल विकणे ट्रेड मार्क कायदा, १९९९ प्रमाणे गुन्हा आहे. स्पेअर पार्टच्या धंद्यात आपलेही पुष्कळ बांधव आहेत, त्यांना आम्ही वेगळे काय सांगावे? पॉवरलूमची साडी हातमागाची म्हणून विकणाऱ्याला आपण काय म्हणतो, तेच येथे लागू. गिऱ्हाईकाने पक्के बिल मागावे आणि दुकानदाराने न मागता द्यावे.

बसवताना आणि बसवल्यावर

काही गॅरेजांत एलिमेंट डिझेलमध्ये धुऊन, हवेने झटकून पुन्हा बसवतात. हे कदापि करू देऊ नये. कागदाचे तंतू फुगतात, डिंक सुटतो आणि अडकलेला कण बाहेर जाण्याऐवजी आतल्या, म्हणजे स्वच्छ बाजूला जातो. तेल बदलताना फिल्टर जुनाच ठेवणे हीसुद्धा काटकसर नव्हे.

डबा बसवताना जुन्या डब्याची रबरी चकती इंजिनाला चिकटून राहिली नाही ना, हे बोटाने पाहावे. ती राहिली आणि तिच्यावर नवीन बसली की वाटेत सारे तेल गळून जाते. नव्या चकतीला तेलाचे बोट फिरवावे, डबा हाताने आवळावा. चकती टेकल्यावर पाऊण फेरा बहुधा पुरतो, आणि डब्यावर वेगळे लिहिले असेल तर तसे. पान्याने आवळलेला डबा पुढच्या वेळी छिन्नीने काढावा लागतो. एलिमेंटच्या प्लास्टिक झाकणावर किती आवळायचे ते पुष्कळदा छापलेलेच असते. पहिल्यांदा चालू केल्यावर तेलाचा दिवा विझेपर्यंत अॅक्सिलरेटरला पाय लावू नये.

किती किलोमीटरला बदलावे? पुस्तकात दहा हजार लिहिले असले तरी ते चांगल्या रस्त्याच्या व मोकळ्या प्रवासाच्या गाडीसाठी. आपल्याकडे ऊस गाळपाच्या हंगामात माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या रस्त्यांवर ट्रॅक्टरमागे धूळ खात जावे लागते, आणि एरवी बाजारपेठ ते एमआयडीसी अशा लहान खेपा, ज्यांत इंजिन नीट तापतही नाही. अशा गाडीला, तीही लाखावर चाललेली असेल तर, आम्ही सात हजारांच्या पुढे जाऊ देणार नाही. आणि चाल कमी असली तरी वर्षातून एकदा बदल हवाच. तेलाचा दर्जा पुस्तकात असेल तोच. ‘जुनी झाली, आता जाड तेल टाका’ हा सल्ला टर्बोला मानवत नाही. जाड तेल त्याच्यापर्यंत आणखी उशिरा पोचते. धुळीची वाट मात्र हवेच्या फिल्टरमधून आहे. तो फाटका ठेवून ऑईल फिल्टरवर पैसा घालणे म्हणजे दार उघडे टाकून खिडकीला कुलूप लावणे.

सोलापूरहून भरधाव येऊन ढाब्यावर गाडी थांबवली की लगेच किल्ली काढण्याची सवय सोडावी. टर्बो तापलेला असतो, तेलाचा प्रवाह थांबतो आणि आत राहिलेले तेल जळून त्याचा कोळसा होतो. इंजिन मिनिटभर संथ चालू ठेवून मग बंद करावे. हा कोळसा सुटून तेलात येतो तेव्हा फिल्टरला तोही पकडावा लागतो.

कारागीर बांधवांसाठी एक काम सांगतो. उतरवलेला फिल्टर लगेच फेकू नये. एलिमेंट असेल तर घड्या उलगडून पाहाव्यात. डबा असेल तर चाकाच्या कटरने कापावा. करवतीने कापल्यास करवतीचाच कीस आत पडतो आणि निदान चुकते. घड्यांवर चुंबक फिरवावे. चुंबकाला चिकटते ते लोखंड, म्हणजे चेन किंवा रिंगांकडे पाहावे. न चिकटणारी पिवळसर-तांबूस चमक दिसली तर बुश झिजत आहेत, टर्बोचे किंवा इंजिनाचे. काळा कडक चुरा म्हणजे जळलेले तेल. गिऱ्हाईकाला हे दाखवून द्यावे. त्याला खर्चाचे कारण डोळ्यांनी दिसते.

आणि टर्बो बदलण्याची वेळ आलीच, तर नवीन किंवा दुरुस्त केलेला टर्बो चढवण्यापूर्वी टर्बोकडे तेल नेणारी नळी काढून तिच्यातून उजेड दिसतो का ते पाहावे. आत कोळसा बसलेला असेल तर नळी साफ करण्यापेक्षा नवीनच टाकावी. काही गाड्यांत या नळीच्या बोल्टात बारीक जाळी असते, ती तुंबलेली असली तर नवीन टर्बोही पहिल्यासारखाच तेलावाचून जातो. त्याच दिवशी तेल आणि फिल्टर दोन्ही नवीन टाकावेत, आणि पहिले तेल पुढे हजारभर किलोमीटरमध्येच काढून टाकावे, कारण जुन्या टर्बोचा झिजलेला कीस तोवर इंजिनात फिरत असतो.